थीम पार्कची परदेशवारी: आधी तारीख, मग विमान

स्वस्त विमान तिकीट दिसलं की काढून टाकायचं आणि बाकीचं नंतर बघू, अशा क्रमाने आखलेली थीम पार्कची सहल बहुतेक वेळा गर्दीत सापडते. टोकियो, ओसाका, शांघाय, कुठेही जा: तिकिटाची किंमत, रांगेची लांबी आणि दिवसभरात होणाऱ्या राइड या तिन्ही गोष्टी तारखेवर ठरतात. म्हणून क्रम असा ठेवा: कोण कोण येणार, त्यावरून पार्क, मग तिथल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून तारीख, आणि त्यानंतर विमान. व्हिसाला लागणारे दिवस तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतात, ते या सगळ्याच्या आधीच मोजून ठेवा.

पहिलं काम: मोजपट्टी

मुलांची उंची अनवाणी मोजा आणि लिहून ठेवा. पार्कमध्ये राइडच्या तोंडाशी काठी घेऊन माणूस उभा असतो. एक सेंटीमीटर कमी भरलं तरी तो सोडत नाही, आणि तासभर रांगेत उभं राहून परत फिरलेल्या मुलाची समजूत घालणं फार अवघड जातं.

आकडे साधारण ठरावीक टप्प्यांवर असतात. टोकियो डिस्नीलँडच्या स्प्लॅश माउंटनला ९० सेंमी पुरतात, बिग थंडरला १०२ लागतात. त्याच्या शेजारच्या डिस्नीसी या पार्कमध्ये टॉवर ऑफ टेरर आणि सोअरिंगला १०२, तर इंडियाना जोन्स आणि जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थला ११७. शांघाय डिस्नीलँडच्या ट्रॉनला १२२. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्कमध्ये मारिओ कार्टला एकट्याने बसायला १२२ आणि मोठ्यांबरोबर १०७, पण हॉलिवूड ड्रीम आणि फ्लाइंग डायनासोर या दोन्ही मोठ्या रोलर कोस्टरना १३२. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमधल्या बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. वरचीही मर्यादा असते: डिस्नीसीच्या रेजिंग स्पिरिट्सवर १९५ सेंमीपेक्षा उंच माणसाला बसू देत नाहीत.

आता या यादीवर बोट ठेवून बघा. घरातलं लहान मूल ११० सेंमीच्या आत असेल तर ओसाकावर दोन दिवस खर्च करण्यात अर्थ नाही. टोकियो डिस्नीलँड किंवा हाँगकाँग त्याला जास्त देईल. मूल मोठं असेल तर उलट. आजी-आजोबा बरोबर असतील तर डिस्नीसीचा विचार जरूर करा. तिथे बोटी, गोंडोला, बसून बघायचे कार्यक्रम आणि नुसतं रमावं असं बंदर आहे. पाठ, मान, हृदय यांचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना वेगवान राइडवर बसू नका असंच सांगितलं जातं, तेव्हा त्यांच्यासाठी त्या वेळेत काय करायचं ते आधी ठरवलेलं असावं.

वय मोजायची रीतही प्रत्येक ठिकाणी वेगळी. बारा वर्षांच्या मुलाला टोकियोत मधल्या गटाचं तिकीट लागतं, ओसाकात मोठ्यांचं आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये लहान मुलाचं. तीन वर्षांचं मूल टोकियोत फुकट, हाँगकाँगमध्ये मात्र त्याचं तिकीट काढावं लागतं.

पार्क कुठलं

पहिल्यांदाच जाणार असाल आणि एकच जागा निवडायची असेल तर आमचं मत टोकियोला. टोकियो डिस्नीलँड १९८३ साली उघडलं, शेजारचं डिस्नीसी २००१ मध्ये. डिस्नीसीसारखं पार्क जगात दुसरं नाही आणि तिथला फँटसी स्प्रिंग्ज हा नवा भाग ६ जून २०२४ पासून खुला आहे. साध्या एका दिवसाच्या तिकिटात एकच पार्क होतं, म्हणून दोन्हींना एकेक पूर्ण दिवस द्या. स्पेस माउंटनसाठी जाणार असाल तर थांबा: ती राइड ३१ जुलै २०२४ ला बंद झाली, ती पाडून नव्याने बांधायला घेतली आणि २०२७ मध्ये परत येणार असं जाहीर झालं आहे.

ओसाकाचं युनिव्हर्सल स्टुडिओज जपान दहा वर्षांपुढच्या मुलांचं आणि तरुणांचं. हॅरी पॉटरचा भाग २०१४ पासून, सुपर निंटेंडो वर्ल्ड (मारिओचा भाग) २०२१ पासून आणि त्याला जोडून डाँकी काँगचा भाग डिसेंबर २०२४ पासून. हाँगकाँग डिस्नीलँड आटोपशीर आहे, एका दिवसात नीट होतं आणि लहान मुलांना दमवत नाही. वर्ल्ड ऑफ फ्रोझन तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. शांघायला ट्रॉन आहे आणि डिसेंबर २०२३ पासून झूटोपियाचा भाग. बीजिंगचं युनिव्हर्सल २०२१ मध्ये सुरू झालं. सिंगापूरचं युनिव्हर्सल छोटं, सगळ्यात सोपं, आणि इंग्रजीवर सगळं भागतं. चार-पाच दिवसांच्या शहर-सहलीत एक दिवस पार्कला द्यायचा असेल तर तेच घ्या.

कोरियात दोन अगदी वेगळ्या चवीची पार्क आहेत. सोलमधलं लोट्टे वर्ल्ड बरंचसं छपराखाली असल्याने पावसात आणि थंडीत उपयोगी. योंगिनचं एव्हरलँड डोंगरउतारावर पसरलेलं आहे आणि टी एक्स्प्रेस हा लाकडी रोलर कोस्टर ७७ अंशांत खाली कोसळतो; नुसत्या त्याच्यासाठी जाणारे लोक आहेत. रोलर कोस्टर हाच जीव की प्राण असेल तर जपानमधलं फुजी-क्यू हायलँडही यादीत घ्या, तिथला ताकाबिशा १२१ अंशांचा, म्हणजे उभ्या भिंतीच्याही आत वळलेला उतार घेतो. कडक उन्हाळ्यातच जायची वेळ आली तर अबू धाबीच्या यास बेटावरचं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आहे, ते पूर्ण वातानुकूलित आहे.

तारीख

आपल्या सुट्ट्या बघून तारीख धरली आणि तिकडच्या सुट्ट्या बघितल्याच नाहीत, ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्याचा ओबोन हा पितरांचा सण आणि वर्षअखेरीचा आठवडा टाळा. मार्चचा शेवटही वाईट, कारण शाळांना सुट्टी लागते आणि पदवी घेतलेली मुलं टोळक्याने पार्कमध्ये येतात. याशिवाय काही तारखा प्रवाशांच्या लक्षात येत नाहीत: १५ जून हा चिबा प्रांताचा दिवस, १ ऑक्टोबर टोकियोचा, १३ नोव्हेंबर इबाराकीचा, १४ नोव्हेंबर सायतामाचा. त्या दिवशी तिथल्या बऱ्याच शाळा बंद असतात आणि साधा मंगळवार-बुधवारसुद्धा रविवारसारखा भरतो. ओसाकात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हॅलोविनच्या संध्याकाळी तरुणांची झुंबड उडते. जानेवारीचा मधला पंधरवडा मात्र तुलनेने शांत, थंडी सोसत असेल तर.

चीनमध्ये १ ते ७ ऑक्टोबर, १ मेच्या आसपासचे दिवस आणि चिनी नववर्ष सोडून द्या. तिथे एक गंमत आहे. लांब सुट्टी जुळवण्यासाठी सरकार तिच्या आगेमागे एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा दिवस म्हणून जाहीर करतं. त्या दिवशी शाळा-कचेऱ्या चालू असतात आणि पार्कमध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. ही यादी दर वर्षी आधीच प्रसिद्ध होते, ती शोधून ठेवा. कोरियात चुसोक (शरदातला सुगीचा सण), सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि ५ मेचा बालदिन टाळायचा.

हवामानाचा हिशोब वेगळा करा. जपानमध्ये जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळं. हाँगकाँगमध्ये वादळाचा आठ क्रमांकाचा इशारा लागला की पार्क बंद होतं, म्हणून त्या महिन्यांत पार्कचा दिवस सहलीच्या शेवटच्या तारखेला ठेवू नका. त्यानंतर एक मोकळा दिवस असू द्या. टोकियोची दोन्ही पार्क समुद्रकाठी आहेत आणि तिथली आतषबाजी पावसापेक्षा वाऱ्याने जास्त वेळा रद्द होते. सिंगापूरमध्ये दुपारी गडगडाट सुरू झाला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, तेव्हा त्या सकाळीच उरकून घ्या.

तारीख पक्की करण्याआधी शेवटचं काम: पार्कच्या संकेतस्थळावर दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची यादी बघा. ज्या राइडसाठी चाललात तीच महिनाभर बंद असू शकते.

तिकिटं

टोकियोचं तिकीट तारखेला बांधलेलं असतं आणि साधारण दोन महिने आधी विक्रीला येतं. तिकीट दाराशी मिळेल या भरवशावर जाऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्यांचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन झालं. परदेशी क्रेडिट कार्ड तिथल्या विक्रीच्या पानावर कधी कधी नाकारलं जातं. दुसऱ्या बँकेचं कार्ड हाताशी ठेवा, आणि तेही चाललं नाही तर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. जागा शिल्लक असेल तर तारीख बदलता येते, पैसे मात्र परत मिळत नाहीत.

ओसाकात दोन वेगवेगळ्या गोष्टी विकत घ्यायच्या असतात आणि इथेच लोक फसतात. स्टुडिओ पास म्हणजे प्रवेश. एक्स्प्रेस पास म्हणजे ठरावीक राइडची छोटी रांग, आणि त्यात प्रवेश नसतो. नुसता एक्स्प्रेस पास घेऊन दाराशी उभे राहिलेले प्रवासी आत जाऊ शकत नाहीत. एक्स्प्रेस पासची किंमत रोज बदलते आणि गर्दीच्या दिवशी प्रवेशापेक्षा जास्त होते. घेताना कोणत्या राइड त्यात आहेत ते एकेक करून वाचा: निंटेंडोच्या भागातली राइड असलेला पास घेतला तर त्या भागात शिरायची ठरलेली वेळही त्याच्याबरोबर येते. एकच दिवस असेल, मुलांना मारिओ हवाच असेल आणि तारीख गर्दीची असेल, तर हा खर्च करा. दोन दिवस असतील आणि ते आठवड्याच्या मधले असतील, तर गरज नाही.

खर्च मांडताना प्रवेशावर थांबू नका. टोकियोत प्रीमियर ॲक्सेस ही पैसे भरून रांग वाचवायची सोय आहे. ती पार्कच्या ॲपवर आत गेल्यावरच घेता येते, माणशी एका राइडला साधारण १,५०० ते २,५०० येन पडते, आणि तिकीट लागणाऱ्या मुलालाही मोठ्यांइतकेच पैसे. चौघांनी २,००० च्या दोन राइड घेतल्या की १६,००० येन गेले. हा आकडा आधी ठरवून ठेवला तर सकाळी दारात उभं राहून वाद होत नाहीत.

शांघायला तिकीट पासपोर्टवर असतं. दाराशी मूळ पासपोर्ट लागतो, फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही, म्हणून तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका. चीनला जायच्या आधी घरूनच अलीपे किंवा वीचॅट पे या पैसे भरायच्या ॲपमध्ये आपलं कार्ड जोडा आणि पासपोर्टची पडताळणी पूर्ण करा. गूगलच्या सेवा तिथल्या स्थानिक नेटवर्कवर चालत नाहीत. रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर नकाशे आणि मेल उघडतात. सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड हा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो सरकारी पानावर फुकट आहे, पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा.

मुक्काम आणि वाट

पार्कचं स्वतःचं हॉटेल महाग असतं. टोकियोत डिस्नी हॉटेलच्या पाहुण्यांना पंधरा मिनिटं आधी आत सोडतात आणि ती पंधरा मिनिटं सोन्याच्या मोलाची, पण त्यासाठी तीन रात्रींचं भाडं भरणं प्रत्येकाला परवडेल असं नाही. मधला मार्ग: पार्कच्या आदल्या एका रात्रीपुरतं जवळचं हॉटेल, बाकी शहरात.

टोकियो डिस्नीचं स्टेशन माइहामा. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनने पंधरा मिनिटांचा प्रवास. अडचण अशी की केइयोचे फलाट त्याच स्टेशनच्या पोटात पण बाकीच्या फलाटांपासून खूप लांब आहेत. मुलं आणि बाबागाडी असेल तर नुसत्या चालण्याला वीस मिनिटं धरा. माइहामावरून पार्कभोवती फिरणाऱ्या मोनोरेलला वेगळं तिकीट लागतं. डिस्नीलँड चालत अगदी जवळ आहे, डिस्नीसीला मात्र मोनोरेल बरी.

ओसाकात युनिव्हर्सल सिटी स्टेशनला उतरायचं, गाडी थेट नसेल तर निशिकुजोला बदला. हाँगकाँगमध्ये सनी बे स्टेशनवर डिस्नीची वेगळी गाडी मिळते. शांघायला मेट्रोची ११ नंबरची लाइन थेट दाराशी नेते. सिंगापूरमध्ये हार्बरफ्रंट स्टेशनच्या वर विवोसिटी मॉल आहे, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची गाडी सुटते. जाताना तिकीट, येताना फुकट.

टोकियो आणि ओसाका एकाच सहलीत करत असाल तर दोन्हींच्या मध्ये एक हलका दिवस ठेवा. शिन्कान्सेन या वेगवान रेल्वेने अडीच तास लागतात, पण पार्कच्या दुसऱ्या दिवशी पाय बोलत असतात. तीन बाजूंची बेरीज १६० सेंमीच्या वर जाणारी बॅग असेल तर त्या गाडीत तिच्यासाठीची जागा आधी राखून ठेवावी लागते.

पार्कमधली सकाळ

जाहीर वेळ नऊची असली तरी गर्दीच्या दिवशी दारं आधी उघडतात, ओसाकात तर कधी तासभर आधी. उघडण्याच्या जाहीर वेळेच्या तासभर आधी रांगेत असा.

टोकियोत आदल्या रात्री सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवरच्या ॲपमध्ये घ्या आणि सगळ्यांचा एक गट करून ठेवा. चार फोनवर चार तिकिटं असली तर चौघांना एकाच वेळेचा पास मिळेल याची खात्री राहत नाही. कार्डही आदल्या रात्रीच जोडा. बँकेचा संकेतांक घरच्या सिमवर येत असेल तर ते सिम चालू हवं, नाहीतर पैसे भरताना सगळं अडतं. सकाळी दारातून तिकिटं स्कॅन झाली की धावू नका. बाजूला उभे राहा, ॲप उघडा, सगळ्यांवर खूण करा आणि जी राइड सर्वांत जास्त हवी तिचा प्रीमियर ॲक्सेस घ्या. डिस्नीसीत फ्रोझन आणि पीटर पॅनचे पास सगळ्यात लवकर संपतात. रांग वाचवणारा फुकटचा प्रायॉरिटी पास त्या दिवशी दिसत असेल तर लगेच तोही घ्या, वेगळ्या राइडचा. ही दोन-तीन मिनिटं झाली की मग चालायला लागा, आणि पहिल्या तासात जिथे पास घेतलेला नाही अशा एखाद्या मोठ्या राइडच्या साध्या रांगेत शिरा. पुढचा पास कधी घेता येईल ती वेळ ॲपच दाखवतं, त्या मिनिटाचा गजर लावून ठेवा.

ओसाकात एक्स्प्रेस पास नसेल तर दार उघडताच थेट निंटेंडोकडे जा. सकाळी बऱ्याचदा काही वेळ तो भाग सगळ्यांना खुला असतो. नंतर ॲपवरून ठरावीक वेळेचं प्रवेशपत्र घ्यावं लागतं, तेही आत आल्यावरच मिळतं, आणि ती संपली की सोडतीत नाव घालणं एवढंच उरतं.

एका जोडप्यातल्या एकाला लहान बाळाजवळ थांबायचं असेल तर राइडच्या तोंडाशीच राइडर स्विच मागा, ओसाकात त्याला चाइल्ड स्विच म्हणतात. एक जण बसून आला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांग लावून झाल्यावर मागितलं तर उपयोग नाही. सिंगल रायडरची, म्हणजे एकेकट्याने बसणाऱ्यांची, रांग वेगाने सरकते, पण तिथे कुटुंब वेगवेगळ्या डब्यांत बसतं, तेव्हा लहान मुलांबरोबर ती विसरा.

दुपार, खाणं, रात्र

अकरा ते चार या वेळेत रांगा सर्वांत लांब. या वेळेत छपराखालचे कार्यक्रम, जेवण, मुलांची झोप. जेवायला साडेबाराला जाऊ नका. साडेदहा-अकराला किंवा दोननंतर जा.

शाकाहारी लोकांनी जपानमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी: भाजीचं सूप, नूडल्स, सॉस यांत बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, आणि पदार्थात मासा दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. पार्कची घटक-यादी आणि ॲलर्जी-यादी संकेतस्थळावर असते, तिच्यावरून आदल्या दिवशीच दोन-तीन जागा हेरून ठेवा. बाहेरचं जेवण आत नेऊन खायला टोकियो आणि ओसाकात परवानगी नाही. टोकियोत दाराबाहेर डबा खायला वेगळी जागा केलेली आहे, दुपारी बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं.

सेल्फी स्टिक टोकियोच्या पार्कमध्ये चालत नाही. ॲपमुळे फोन दुपारपर्यंत मान टाकतो, १०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, रांगेत दोन्ही हात मोकळे राहतात. ओसाकातल्या फ्लाइंग डायनासोरवर बसताना खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं.

टोकियोत मिरवणुकीसाठी चटई एक तास आधीपासून टाकता येते. ज्यांना मिरवणुकीत रस नाही त्यांच्यासाठी तीच राइडची वेळ, कारण तेवढ्यापुरत्या रांगा आखडतात. बहुतेक पार्कमध्ये बंद होण्याच्या मिनिटापर्यंत रांगेत शिरलेल्याला बसू देतात, म्हणून सर्वांत लांब साधी रांग शेवटच्या वीस मिनिटांत लावा. खरेदी त्याआधी उरकून लॉकरमध्ये टाकून ठेवा, कारण आतषबाजी संपली की दुकानांत पाय ठेवायला जागा राहत नाही. स्टेशनचंही तेच. माइहामाला पहिल्या लोंढ्याबरोबर पोचलात तर फलाटावरच अडकाल. अर्धा तास आत रेंगाळून निघा, पण हॉटेलपर्यंतची शेवटची गाडी किती वाजता आहे ते सकाळीच बघून फोनमध्ये लिहून ठेवलेलं असू द्या.